बाबांसमोर शहाणा आणि आईसमोरच हट्टी, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगा पाच वर्षांचा. मी बँकेत नोकरी करते, मिस्टर वाळूजला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. दिवसभर तो आजी-आजोबांजवळ अगदी गुणी बाळासारखा असतो. बाबांनी नुसते डोळे वटारले तरी गप्प बसतो. पण मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की रडारड, हट्ट, कधी कधी मला मारतोसुद्धा. सासूबाई म्हणतात, तूच लाडावून ठेवलंस. आमचं माय-लेकाचं नातंच बिघडलंय का? त्याच्या बाबांसारखा धाक मलाही आणावा लागेल का?"

ताई, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण तेच घेऊन तुम्ही रात्री जागत असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून नातं बिघडल्यासारखं मला दिसत नाही. आणि धाक आणायचा नाही. चोवीस वर्षं मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्यासोबत बसून मी हे सांगते आहे. मात्र तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर तुम्ही थांबलाच नाहीत, त्याच वाक्याशी मी थांबले: "बाबांनी डोळे वटारले तरी गप्प बसतो." त्याकडे मी येणार आहे. आधी तुमची संध्याकाळ पाहू.

साडेसहाला तुम्ही दारात. खांद्यावरची पर्स अजून काढलेली नाही. तो धावत येतो, काहीतरी सांगायला लागतो, तुम्ही "थांब हं, हातपाय धुऊ दे" म्हणता. मग जेवताना तुम्ही नेहमीसारखे पोळीचे तुकडे करून ताटात टाकता आणि तो किंचाळतो, "मला अख्खी पाहिजे होती!" तुम्ही दुसरी पोळी देता. ती नको. हीच जोडून दे. तुकडे केलेली पोळी कशी जोडणार? तो ताट ढकलतो, तुमच्या दंडावर चापट मारतो, आणि आतून आवाज येतो, "दिवसभर एवढं शहाणं होतं पोरगं." तुमच्या घरी पोळी नसेल, मोजा असेल नाहीतर टीव्हीचा रिमोट. पण नोकरी करणाऱ्या किती आयांनी मला ही पोळीची गोष्ट सांगितली आहे, त्याचा हिशोब नाही.

ते रडणं पोळीचं नसतं. पाच वर्षांचं मूल दिवसभर स्वतःला धरून ठेवतं. शाळेत बाईंचं ऐकायचं, डब्यातलं संपवायचं, मित्राने ढकललं तर रडायचं नाही, दुपारी आजोबा झोपले की आवाज करायचा नाही. हे धरून ठेवणं त्याच्या वयाला फार जड काम आहे. ते ओझं तो कुठे उतरवणार? जिथे उतरवल्यावर आपल्याला कोणी टाकून देणार नाही अशी खात्री आहे, तिथे. ती जागा तुम्ही आहात.

माझं म्हणणं नुसत्या दिलाशासाठी नाही, त्यामागे सत्तर वर्षांचं काम आहे. मूल आईला केवळ दुधासाठी चिकटतं असं पूर्वी मानलं जायचं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ते खोडून काढलं: जवळच्या माणसाशी बंध जोडणं ही भुकेइतकीच मूळची गरज आहे. त्यांच्यासोबत काम केलेल्या मेरी एन्सवर्थ 1954-55 मध्ये युगांडात खेड्यापाड्यांतल्या घरांत जाऊन आया आणि बाळं पाहत बसल्या, आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी एक साधी चाचणी तयार केली. साधारण वर्षा-दीड वर्षाचं मूल, एक अनोळखी खोली, थोडी खेळणी. आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. लोकांना वाटतं, आई गेल्यावर मूल किती रडतं ते मोजत असतील. पण खरं लक्ष असतं आई परत आल्यावर मूल काय करतं त्याकडे. झेपावतं, बिलगतं, रडतं आणि मग शांत होऊन पुन्हा खेळायला लागतं, तर बंध सुरक्षित. काही मुलं मात्र आई आल्यावर मान वळवून खेळत राहतात. पाहणाऱ्याला वाटतं, किती समंजस! 1977 मध्ये ॲलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाची गती मोजली. वरून शांत दिसणाऱ्या त्या मुलांची छाती धडधडत होती.

म्हणून मी शांत मूल आणि निवांत मूल यांत फरक करते. तुमची साडेसहाची वेळ ही रोजची 'आई परत आली'ची वेळ आहे. तेव्हा मला तो किती रडतो यापेक्षा रडून झाल्यावर काय होतं ते सांगा. दहा-पंधरा मिनिटांनी मांडीवर येऊन बसतो का? पदराशी, ओढणीशी खेळतो का? झोपताना पाय तुमच्या पोटावर टाकतो का? तसं असेल तर निर्धास्त राहा. रडणं ओसरतच नसेल, जवळ घेतलं तरी ढकलतो आणि दूर झालात तरी आकांत करतो, असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर मात्र एकदा प्रत्यक्ष भेटावं लागेल.

आता बाबांकडे येऊ.

मुलाचा आईशी असलेला बंध आणि बाबांशी असलेला बंध ही दोन वेगळी नाती आहेत, एकाची दुसरी प्रत नाही. मेरी मेन आणि डॉना वेस्टन यांनी 1981 मध्ये हीच चाचणी मुलांच्या आयांसोबत आणि वडिलांसोबत वेगवेगळी केली, तेव्हा एकाशी सुरक्षित असलेलं मूल दुसऱ्याशी असुरक्षित असू शकतं हे स्पष्ट दिसलं. एका छताखाली मूल दोन निरनिराळे हिशोब शिकत असतं: आईपाशी माझं रडणं चालतं, बाबांपाशी चालत नाही. त्याप्रमाणे ते वागतं. बाहेरून आपल्याला एक 'हट्टी' आणि एक 'शहाणा' असा मुलगा दिसतो, पण मुलगा एकच असतो.

बाबांसमोरचं गप्प बसणं दोन प्रकारचं असतं. एक, बाबा शब्दाचे पक्के आहेत, 'नाही' म्हणाले की नाही, पण त्यांच्या खांद्यावरही बसता येतं. हे उत्तम. दुसरं, बाबांचा चेहरा वाचून श्वास आवरलेला. हे मला घोर लावतं. ओळखायचं कसं? बाबा घरात आल्यावर मुलाचा आवाज कमी होतो का? त्याच्या हातून काही सांडलं तर तो आधी कुणाकडे बघतो? पडला, गुडघा फुटला, आणि घरात फक्त बाबा आहेत, तर त्यांच्याकडे जातो की कोपऱ्यात लपून रडतो? तुमच्या घरातली खरी उत्तरं तुम्हालाच ठाऊक.

एक प्रसंग सांगते. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चार वर्षांची मुलगी, तक्रार अशी की बालवाडीत चावते. माझ्या खोलीत भातुकली आणि कापडी बाहुल्या असतात. तिने चूल मांडली, आई बाहुलीला बसवलं, दोन पिल्लं बसवली. मग वडिलांची बाहुली दारातून आणली आणि ताबडतोब बाकी तिघांच्या तोंडावर एकेक करून बोट ठेवलं. आईचं तोंड भिंतीकडे फिरवलं. वडिलांवर रुमाल घातला आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, "झोपलेत." तिचे बाबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. त्यांनी कधी हात उगारलेला नव्हता, तसा माणूस भला. रात्रपाळी करून यायचे, झोप हवी असायची, आवाज झाला की खेकसायचे. बाहेर पडताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "मी घरात येतो तेव्हा असं होतं?"

त्यांना मी मोठं काही सांगितलं नाही. कामावरून आलात की झोपायच्या आधी दहा मिनिटं जमिनीवर बसा, म्हटलं. त्यांनी स्वतःच एक गोष्ट शोधली. डब्यात एक घास मुद्दाम ठेवून आणायचे, आणि तो डबा लेकीने उघडायचा. वडिलांच्या डब्यातल्या उरलेल्या भाजी-पोळीला पोरांच्या लेखी कशी चव असते ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. काही आठवड्यांत ती दारात डब्यासाठी ओरडायला लागली. ओरडायला लागली, हे मी आनंदाने लिहिते आहे. चावणं लगेच थांबलं नाही, दोन-अडीच महिने लागले.

बाबांचा धाक मुळात कोण तयार करतं, हेही विचारात घ्या. आपल्या घराघरांतलं वाक्य आहे: "येऊ दे बाबांना, सांगतेच." आई थकलेली असते, उपाय सुचत नाही, म्हणून बोलून जाते. पण त्या वाक्याने एका फटक्यात दोन गोष्टी होतात. आई स्वतःच्या हातातलं वजन टाकून देते, आणि बाबा घरी येण्याआधीच शिक्षा म्हणून मुलाच्या मनात येऊन बसतात. संध्याकाळी तो माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याला कळतही नाही की लेकरू का बिचकलं. कृपा करून हे वाक्य आजपासून बंद करा. त्याच्या शेजारची आणखी दोन: "मी जाते बाई तुला सोडून," आणि "पोलीसकाका घेऊन जातील." मोठ्यांना ती गंमत वाटते. ज्याचं सगळं जग तुमच्यावर उभं आहे, त्याला वाटत नाही.

मग बाबांचं खरं काम काय? आईला मदत, हे उत्तर अपुरं आहे. जर्मनीत बीलेफेल्ड इथे कारिन आणि क्लाउस ग्रोसमान या दांपत्याने मुलं जन्मापासून मोठी होईपर्यंत पाहिली. दोन वर्षांच्या मुलाशी वडील कसे खेळतात याला त्यांनी महत्त्व दिलं: मुलाला झेपेल इतकंच आव्हान देतात का, तो बावरला की थांबतात का. त्या खेळातल्या संवेदनशीलतेचा संबंध मूल सोळा वर्षांचं झाल्यावर जवळच्या नात्यांकडे कसं पाहतं याच्याशी लागला. मला हे फार पटतं, कारण रोज दिसतं. बाबा पाठीवर घोडा-घोडा करतात, वर उडवून झेलतात, गादीवर कुस्ती खेळतात, तेव्हा मूल जोरात उत्तेजित होतं आणि परत शांत व्हायला शिकतं. "बास" म्हटलं की बाबा थांबतात, म्हणजे माझ्या शब्दाला किंमत आहे. बाबांना जोरात लागलं की खेळ थांबतो, म्हणजे माझ्या हातालाही मर्यादा आहे. मारकुट्या मुलाला हा धडा भाषणाने येत नाही. तुमच्या मिस्टरांची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळी वीस मिनिटं गादीवरची कुस्ती लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. 'बास' हा शब्द पक्का ठरवा. आणि रविवारी दोन-तीन तास तो आणि बाबा एकटे, तुम्ही घरात नकोच. अंघोळ, जेवण, पडणं-रडणं सगळं बाबांनी निस्तरायचं. पहिल्या रविवारी तुम्हाला फोन येतील. जाऊ नका.

हात उगारण्याबद्दल एवढंच. 2016 मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतल्या 75 अभ्यासांचं, सुमारे 1 लाख 60 हजार मुलांच्या माहितीचं एकत्र विश्लेषण केलं. चापट मारण्याचा मुलांच्या वागण्यावर चांगला परिणाम त्यांना सापडला नाही, उलट आक्रमकपणा आणि मानसिक त्रासाशीच संबंध सापडला. आणि घरात दारू असेल, आईला मारहाण होत असेल, तर मुलाच्या वर्तनावर चर्चा करण्यात अर्थ नाही. तिथे आधी ती मारहाण थांबली पाहिजे.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांच्या बोलण्यात एक खरा धागा आहे, फक्त त्याला 'लाड' हा शब्द चुकीचा आहे. जवळ घेण्याने, पापे घेण्याने, रडू ऐकून घेण्याने मूल बिघडत नाही. बिघडवणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी निरीक्षणं करून ती नीट उलगडली. मूल मागतं, आई नाही म्हणते. मूल आवाज चढवतं, आईही चढवते. मूल आणखी चढवतं, आणि आई दमून देऊन टाकते. त्या क्षणी शांतता होते, दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं, आणि दोघंही चुकीचं शिकतात: मूल शिकतं की शेवटचा, सगळ्यात मोठा आवाज कामाला येतो. तुम्ही दिवसभर घरात नव्हता या अपराधी भावनेतून तुमच्याकडून हे होत असेल. 'हो' म्हणायचं असेल तर पहिल्या मागण्याला म्हणा. 'नाही' म्हणायचं असेल तर कमी वेळा म्हणा, पण मग मांडीवर घेऊन रडू द्या आणि पाळा. "तुला खूप राग आलाय, चॉकलेट आज नाही, मी इथेच बसलेय." हात उगारला तर हात धरायचा: "मारू देणार नाही." एवढंच, आवाज न चढवता.

तुमच्याकडून आवाज चढणारच. सगळ्यांचा चढतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात आयांना सांगितलं, बाळासमोर दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवा. बाळ आधी हसून, हात हलवून आईला परत बोलवू पाहतं, मग कावरंबावरं होऊन रडू लागतं. पण त्याच संशोधकांना हेही दिसलं की एरवी, प्रेमळ आईबाळांच्या खेळातही, सूर जुळलेला असण्यापेक्षा निसटलेलाच जास्त वेळ असतो. तो पुन्हा जुळवला जातो, आणि मूल त्या जुळवण्यावर वाढतं. तुम्ही ओरडलात तर रात्री अंथरुणात सांगा, "मघाशी मी जोरात ओरडले, तू घाबरलास ना? चुकलं माझं." ज्या पिढीला आईबापांनी कधी 'चुकलं' म्हटलं नाही, तिला हे फार अवघड जातं. बाबांनाही म्हणायला सांगा, त्यांच्या तोंडून ते आणखी मोलाचं आहे.

आणि दिवसभर तो आजीजवळ असतो यात काही वावगं नाही. ग्लासगोमध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी एमर्सन यांनी 60 बाळं पाहिली होती, ते काम 1964 चं. दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांनी एकाहून अधिक माणसांशी घट्ट बंध जोडले होते. आजीची माया आईच्या वाट्यातून कापली जात नाही. सासूबाईंना हे ऐकवा, त्यांनाही बरं वाटेल. फक्त तुम्ही 'नाही' म्हटलेलं त्यांनी मुलासमोर 'हो' करू नये, एवढी विनंती मिस्टरांनी करावी, तुम्ही नव्हे.

मराठवाड्यात काम करताना दूर राहण्याचा खरा चटका मी ऊसतोड कामगारांच्या मुलांत पाहिला आहे. दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोचा 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो, तो मार्च-एप्रिलपर्यंत. काही मुलं सोबत फडावर जातात, काही आजीजवळ गावात राहतात. आई परत येते तेव्हा तीन वर्षांचं लेकरू आजीच्या लुगड्यामागे लपतं, आईला 'काकू' म्हणतं. आईच्या काळजाचं पाणी होतं. काही दिवसांनी तेच लेकरू इतकं चिकटतं की तिला परसाकडेही जाऊ देत नाही. लंडनमधल्या इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं जेम्स रॉबर्टसन यांनी केलेलं चित्रण 1952 मध्ये लोकांसमोर आलं. अशी ताटातूट झालेल्या मुलांत ते आणि बोल्बी तीन पायऱ्या सांगत: आधी आक्रोश, मग निराशा, मग अलिप्तपणा. आपल्या वस्त्यांवर दरवर्षी तेच घडतं. त्या आयांना मी सांगते, ते रागावलंय म्हणजे त्याला तुम्ही आठवत होता. चिकटू द्या. यात त्या आईचा दोष नाही, पोटाची गरज आहे. मोबाइलवर रोज ठरलेल्या वेळी आवाज ऐकवला, आईची एक जुनी साडी पांघरायला ठेवली, तर परतल्यानंतरचे दिवस थोडे सुसह्य होतात असा माझा अनुभव आहे.

सगळं वागणं नात्यातूनच येतं असं मात्र समजू नका. काही मुलं जन्मतःच तापट, काही हळवी. पास्को फिअरन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 69 अभ्यासगटांतल्या सुमारे सहा हजार मुलांची माहिती एकत्र केली. असुरक्षित बंध आणि आक्रमक, उपद्रवी वागणं यांचा संबंध आढळला, मुलग्यांत जरा जास्त, पण तो मध्यमच, त्याने कुणाचं भविष्य ठरत नाही. स्वमग्नता (ऑटिझम) आईच्या थंडपणामुळे होते, असं एकेकाळी जाणकारही म्हणत. ते साफ चुकीचं होतं आणि त्याने असंख्य आयांना विनाकारण जाळलं. ऐकू कमी येणं, झोप अपुरी असणं, बोलायला उशीर होणं, अतिचंचलता, यांतलं काहीही 'हट्ट' म्हणून समोर येऊ शकतं. म्हणून आधी एकदा कान आणि बोलणं तपासून घ्या.

शाळेच्या बाईंना भेटा आणि "त्रास देतो का" असं न विचारता हे विचारा: त्याला लागलं तर तुमच्याकडे येतो का, मित्र आहे का, नवीन खेळात उतरतो का. तिन्हीची उत्तरं 'हो' असतील तर तीन आठवडे मी लिहिलंय तेवढं करून बघा. साडेसहाला घरात आल्यावर पर्स टाकून, हातपाय न धुता, आधी दहा मिनिटं त्याच्याजवळ जमिनीवर बसायचं, मग बाकीचं घर. तो स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, जमलेलं बोलणं किंवा शी-शू पुन्हा बिघडली असेल, किंवा बाबांच्या नुसत्या पावलांनी पांढरा पडत असेल, तर थांबू नका, जवळच्या बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तुम्हाला स्वतःला रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मोफत बोलता येतं. भेटीला याल तेव्हा मिस्टरांना घेऊन या. त्यांची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यातली संध्याकाळ मी राखून ठेवेन.